शाळकरी वय, उतारवय आणि मेंदूची गंगाजळी

हैदराबादेत पंजागुट्ट्याला निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे रुग्णालय आहे. गावात त्याला सगळे ‘निम्स’ म्हणतात. तिथल्या स्मृती चिकित्सालयात २००६ ते २०१२ या काळात डिमेन्शियाचे निदान झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र अभ्यासल्या. या गटात मज्जाविकारतज्ज्ञ होते, तशा उस्मानिया विद्यापीठातल्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासक वसंता दुग्गिराला होत्या, हैदराबाद विद्यापीठाचे बापीराजू होते आणि एडिनबरोचे थॉमस बॅकही होते. २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली.

भाषेच्या वार्षिकांकात वैद्यकाचा विषय कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर या निबंधात आहे. माझे काम मराठी शिकवण्याचे. माझे विद्यार्थी घरात मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू आणि वर्गात इंग्रजी बोलतात. त्यांच्या पालकांचा मला नेहमी येणारा प्रश्न असा, की एवढ्या भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होणार नाही का? आणि अलीकडे, काहीशा दबक्या आवाजात, दुसराही एक प्रश्न येतो: मुलगा काय खातो, काय ओढतो, कुठे जातो, ते तुमच्या लक्षात येते का? हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदूत जे जमा होते आणि जे खर्ची पडते त्याचा हिशेब साठीनंतर कसा लागतो, हा दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच आहे.

आधी शब्दांचे पाहू. डिमेन्शियाला आपण ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतो. शब्द रूढ आहे, पण अपुरा आहे. निम्सच्या ६४८ रुग्णांपैकी २४० अल्झायमरचे होते, १८९ रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून झालेल्या डिमेन्शियाचे आणि ११६ मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांच्या ऱ्हासाचे. बाकीचे इतर किंवा मिश्र प्रकारचे. या तिसऱ्या प्रकारात आठवण बराच काळ शाबूत राहू शकते. बिघडते ते वागणे. शांत स्वभावाचा माणूस चारचौघांत नको ते बोलतो, अधाशासारखा खातो, घरातल्यांच्या दुःखाकडे कोरडेपणाने पाहतो. आपल्याकडे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात, आणि आठवण जाऊ लागली की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. दोन्ही शब्दप्रयोगांत एक गृहीत आहे, की हे वयाबरोबर यायचेच. म्हणून घरचे लोक डॉक्टरांकडे उशिरा जातात. माझे मत विचाराल तर ‘बुद्धिभ्रंश’ हा शब्द जास्त जवळचा आहे. पण त्याला वेडेपणाचा वास येतो, म्हणून कुटुंबे तो टाळतात. या लेखात मी डिमेन्शियाच म्हणणार आहे.

आता साडेचार वर्षांकडे. एकभाषिक रुग्णांत लक्षणे सुरू होण्याचे सरासरी वय ६१.१ वर्षे होते, द्विभाषिकांत ६५.६. अल्झायमरमध्ये हा फरक सुमारे तीन वर्षांचा, रक्तवाहिन्यांच्या प्रकारात पावणेचार वर्षांच्या जवळपास आणि वागणूक बिघडवणाऱ्या त्या तिसऱ्या प्रकारात सहा वर्षांचा निघाला. शिक्षण, स्त्री की पुरुष, व्यवसाय, शहर की खेडे या गोष्टी हिशेबात धरूनही फरक टिकला. दोनपेक्षा जास्त भाषा येण्याने आणखी वेगळा फायदा मात्र दिसला नाही. बहुभाषिक म्हणून मिरवणाऱ्या आम्हा हैदराबादकरांना ही थोडी चपराकच आहे.

असा निष्कर्ष पहिल्यांदा हैदराबादेत निघाला असे नाही. कॅनडातल्या टोरंटोत एलन बायलस्टॉक यांच्या गटाने २००७ साली १८४ रुग्णांमध्ये सुमारे चार वर्षांचा फरक दाखवला होता. पण तिथले द्विभाषिक बहुतांशी स्थलांतरित होते. देश सोडून जाणारी माणसे मुळातच धडधाकट आणि धडपडी असतात, फरक भाषेचा नसून त्या निवडीचा आहे, अशी रास्त शंका तेव्हा घेतली गेली. शिवाय युरोप-अमेरिकेत दुसरी भाषा पुष्कळदा शाळेतून येते, त्यामुळे भाषेचा परिणाम कोणता आणि शिक्षणाचा कोणता हे सोडवणे कठीण. हैदराबादने हा गुंता बराचसा सोडवला. इथे दोन भाषा बोलणारा माणूस कुठून आलेला नसतो, तो इथलाच असतो. रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी तेलुगू आणि दखनी दोन्ही सहज बोलतात, आणि त्यासाठी कोणी शाळेत गेलेले नसते. निबंधातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हाच: कधीही शाळेत न गेलेल्या, निरक्षर रुग्णांमध्येही द्विभाषिकांना सुमारे सहा वर्षे उशिरा लक्षणे दिसली. म्हणजे फायदा पुस्तकाचा नव्हता, तोंडी भाषेचा होता.

हैदराबादच्या मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच राज्यात होते. त्या राज्यात शिकलेली पिढी घरी मराठी बोलली, शाळेत आणि कचेरीत उर्दू लिहिली, बाजारात तेलुगू किंवा कन्नड. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या राजवटीत अधिकारी होते. उर्दू-फारसीवर त्यांचे प्रभुत्व होतेच, पण आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करताना ते गोंडीही शिकले आणि त्या समाजावर त्यांनी लिहिले. अर्थात एका पगडींवरून काही सिद्ध होत नाही. प्रत्येकाच्या नात्यात पाच भाषा जाणणारे आणि तरीही शेवटी मुलांची नावे विसरलेले एखादे आजोबा सापडतील. म्हणूनच शेकडो लोकांची सरासरी पाहावी लागते.

याच ठिकाणी वर्तमानपत्री बातम्यांची गफलत झाली. ‘दोन भाषा बोला, डिमेन्शिया टाळा’ असे मथळे आले. निबंध तसे म्हणत नाही. त्या ६४८ जणांत ३९१ द्विभाषिक होते, आणि ते सगळे आजारीच होते. भाषेने आजार टळला नाही, त्याचे दिसणे लांबले. हे कसे घडत असावे, हे सांगताना संशोधक ‘कॉग्निटिव्ह रिझर्व्ह’ ही कल्पना वापरतात. तिचे भाषांतर ‘बोधात्मक राखीव क्षमता’ असे करतात, आणि ते वाचून काहीही बोध होत नाही. आपल्याकडे अडीनडीसाठी राखलेल्या पैशाला ‘गंगाजळी’ हा सुरेख शब्द आहे. दोन मेंदूंत ऱ्हास सारखाच झाला असला, तरी ज्याची गंगाजळी मोठी तो बराच काळ निभावून नेतो. शिक्षण, विचार करायला लावणारे काम, माणसांतली ऊठबस आणि भाषा यांतून ती साठते. दोन भाषा बोलणारा माणूस तोंड उघडताना दर वेळी एक भाषा निवडतो आणि दुसरी दाबून ठेवतो. समोर सासूबाई आहेत की दूधवाला, हे पाहून मधेच भाषा बदलतो. लक्ष वळवण्याचा आणि आवरण्याचा हा सराव मेंदूच्या पुढच्या भागाचा. त्या भागाच्या आजारात सर्वांत मोठा, सहा वर्षांचा फरक दिसावा, हे या स्पष्टीकरणाशी जुळते. त्याच गटाने पुढे आणखी बारकाईने पाहिले तेव्हा वागणूक बिघडवणाऱ्या प्रकारात द्विभाषिकांना उशीर झाल्याचे दिसले, पण जिथे भाषाच आधी ढासळते त्या प्रकारांत दिसले नाही.

निम्सचा २०१६ सालचा दुसरा अभ्यास पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा होता. पक्षाघातानंतर बुद्धीचे व्यवहार ठीक राहिलेले द्विभाषिक ४०.५ टक्के होते, तर एकभाषिक १९.६ टक्के. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच. म्हणजे दुसरी भाषा भाषेला वाचवत नाही, विचाराच्या इतर व्यवहारांना हात देते. मला हे फार विलक्षण वाटते.

शंका संपलेल्या नाहीत. चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांवरून काढलेल्या निष्कर्षाला मर्यादा असतात: कोण डॉक्टरांकडे येतो, कधी येतो आणि लक्षणे कधी सुरू झाली हे घरचे कसे आठवतात, यावर सगळे अवलंबून. निरोगी लोकांना वर्षानुवर्षे पाहत राहणाऱ्या अभ्यासांत, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या स्पॅनिशभाषकांच्या अभ्यासात, द्विभाषिकांना डिमेन्शिया कमी झाला असे आढळले नाही. माझ्या समजुतीने दोन्हींत तितकासा विरोध नाही, कारण ‘कमी लोकांना होणे’ आणि ‘उशिरा दिसणे’ या वेगळ्या गोष्टी आहेत. पण वाद चालू आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

सर्वांत अवघड आक्षेप निराळाच आहे. मुळात हुशार मुलेच भाषा शिकत असतील तर? याचे उत्तर द्यायला माणसाची लहानपणची बुद्धी मोजलेली हवी आणि म्हातारपणची तीच माणसे हाती हवीत. स्कॉटलंडात हा योग जुळून आला. १९३६ साली जन्मलेल्या मुलांची १९४७ मध्ये, त्यांच्या अकराव्या वर्षी, बुद्धिचाचणी झाली होती. त्यांतल्या एडिनबरो परिसरातल्या ८५३ जणांची २००८ ते २०१० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा चाचणी घेतली. २६२ जणांना दुसरी भाषा येत होती आणि त्यांपैकी १९५ जण ती अठराव्या वर्षाआधी शिकले होते. अकराव्या वर्षीच्या गुणांवरून जे अपेक्षित होते, त्यापेक्षा दुसरी भाषा येणाऱ्यांची कामगिरी चांगली निघाली, अठरानंतर शिकलेल्यांचीसुद्धा.

जमेची बाजू झाली. आता खर्चाची.

शाळकरी वयातल्या नशेचा म्हातारपणी काय परिणाम होतो, हे असेच पन्नास-साठ वर्षे माणसांच्या मागे राहून पाहायला हवे. त्या दिशेने सर्वांत पुढे गेलेला अभ्यास न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहराचा आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांची लहानपणी आणि मग अडतिसाव्या वर्षी बुद्धिचाचणी झाली. पौगंडावस्थेत गांजा सुरू करून पुढे वर्षानुवर्षे त्यावर अवलंबून राहिलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी आठ गुणांनी उतरला होता. मोठेपणी सुरू केलेल्यांत अशी घसरण दिसली नाही. गांजा सोडल्यावरही पूर्ण भरपाई झाली नाही. २०१२ साली हे प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप आलेच: घसरण गांजाची की गरिबीची? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांच्या अभ्यासात, जुळ्यांपैकी एक गांजा ओढणारा आणि दुसरा न ओढणारा असताना दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे घराचा, वस्तीचा आणि शाळेचा वाटा मोठा असणार. डनेडिनची ती मुले आज पन्नाशीत आहेत. त्यांची साठी-सत्तरी अजून यायची आहे.

दुसरा आधार स्वीडनचा. १९६९ ते १९७९ या काळात सक्तीच्या सैनिकी भरतीसाठी तपासलेल्या ४,८८,४८४ तरुणांचा, त्या वेळी सरासरी वय १८, पुढे सुमारे ३७ वर्षे माग ठेवला गेला. त्यांतल्या ४८७ जणांना पासष्टीच्या आत डिमेन्शिया झाला. जोखमीच्या ज्या नऊ गोष्टी निघाल्या त्यांत दारूच्या अतिसेवनाने रुग्णालयात दाखल व्हावे लागणे ही ठळक होती. अशा व्यक्तींत धोका जवळजवळ पाचपट. इतर अमली पदार्थांची नशा, भरतीच्या वेळी कमी असलेली बौद्धिक क्षमता आणि वाढलेला रक्तदाब हेही यादीत होते. संशोधकांचे म्हणणे असे, की यांतल्या बहुतेक गोष्टींचा माग तरुण वयापर्यंत मागे नेता येतो.

मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आवर घालणारा, विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. दोन भाषांच्या सरावाने जो भाग कमावला जातो म्हणतात, त्याच्याच घडणीच्या काळात नशा आत शिरते. पण एवढेच नाही. नशा लागलेला मुलगा शाळा सोडतो, आणि डिमेन्शियाच्या जोखमीत बालपण-तारुण्यातले अपुरे शिक्षण धरलेलेच आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली आणि ती सगळी दूर झाली तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा अंदाज मांडला. त्यात धूम्रपान आहे, अति दारू आहे, डोक्याला मार लागणे आहे, उच्च रक्तदाब आहे. दुचाकीवरून पिऊन पडलेला अठरा वर्षांचा मुलगा यांतल्या दोन रकान्यांत एकदमच जातो. आणि निम्सच्या रुग्णांत रक्तवाहिन्यांचा प्रकार जवळपास २९ टक्के होता, हे तंबाखूच्या संदर्भात विसरू नये.

आपल्याकडचे पदार्थही वेगळे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वयोगटातले ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की हुंगायच्या नशेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे, आणि अशी नशा ही एकच. पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. हे स्टेशनरीच्या नाहीतर सायकलच्या दुकानात मिळते, त्यामुळे शिक्षकाला ते दप्तरात दिसले तरी शंका येत नाही.

आणि तेलंगणाचे स्वतःचे असे एक प्रकरण म्हणजे कल्लू. आपण मराठीत ताडाची ती ताडी आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदी असा भेद करतो. दखनीत शिंदीची ‘सेंदी’ होते. तेलुगूत दोन्ही कल्लूच, मागे फक्त झाडाचे नाव लागते. काही घरांत सणाला मुलांनाही दोन घोट देतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण ताजा रस तसा सौम्यच. पण शहरातल्या कल्लू कंपाउंडांत जे विकले जाते त्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळल्याचे पुन्हा पुन्हा उघड झाले आहे. ही झोपेची आणि चिंता घालवण्याची औषधे. त्यांची सवय लागली, की ती अचानक सुटल्यावर झटके येतात, भ्रम होतो. २०१५ मध्ये भेसळीवर कडक कारवाई झाली तेव्हा अशा लोकांची तेलंगणातल्या रुग्णालयांत रीघ लागली, एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयातही. ताडीच पितो, दारू नाही, असे घरचे सांगतात तेव्हा नेमके काय पोटात जाते आहे, हे त्यांनाही ठाऊक नसते.

राहिला प्रश्न मोजण्याचा, आणि तो थेट आपल्या दारात येतो. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ मध्ये राष्ट्रीय पाहणीवरून मांडला गेला. पण माणसाला तपासायचे कोणत्या भाषेत? इंग्रजी चाचणीत एक वाक्य लिहायला सांगतात. निरक्षर आजीबाईला ते कसे सांगणार? हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात हिंदी चाचणी तयार झाली, तेव्हा लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलून दाखवा, असा बदल केला गेला. अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, हाही प्रश्न अक्षर न ओळखणाऱ्याला निरर्थक. त्याऐवजी प्राण्यांची नावे विचारतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे चाचण्यांचा एक संच बनवला, तो पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाला. मराठी त्यांत नव्हती.

काचीगुड्यातल्या किंवा सुलतान बाजारातल्या मराठी आजोबांची तपासणी त्यामुळे बहुधा हिंदीत किंवा तेलुगूत होते. प्राण्यांची नावे सांगताना ते हिंदीत आठावर अडकतील आणि मराठीत कदाचित वीसवर जातील. त्यांतला कोणता आकडा धरायचा? शिवाय निम्सच्या अभ्यासात भाषांची माहिती घरच्यांकडून घेतली होती, आणि आपली माणसे याबाबतीत भारी कंजूष. रोज तेलुगूत घासाघीस करणारी बाई ‘मला कुठे तेलुगू येते’ म्हणते. माझा अनुभव असा, की येते का विचारले तर नाही म्हणतात, भाजीवालीशी कोणत्या भाषेत बोलता विचारले की मग खरे उत्तर मिळते. डॉक्टरांकडे जाताना सोबत जाणाऱ्याने हे लिहूनच न्यावे: घरात कोणती भाषा, शाळा झाली असेल तर कोणत्या माध्यमात, नोकरीत कोणती, आता दिवसभर कोणती, आणि अलीकडे यांतली कोणती गळू लागली आहे. आणि त्याच कागदावर, लाज न बाळगता, तंबाखू किंवा दारू कितव्या वर्षी सुरू झाली आणि कधी सुटली, तेही.